सूर्यमालेची ओळख गच्चीवरून: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझी भाची सहावीत असताना एका संध्याकाळी गच्चीवर मला म्हणाली, "आत्या, गुरू कुठे आहे गं?" गुरूचा व्यास मला पाठ होता. सूर्यापासूनचा त्याचा क्रम, त्याचे चार मोठे चंद्र, सगळं शाळेपासून डोक्यात होतं. पण आकाशात बोट दाखवायची वेळ आली तेव्हा मी गप्प झाले. गुरू त्या वेळी आमच्या पाण्याच्या टाकीच्या बरोबर वर होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तोच ठळक, स्थिर ठिपका मी लहानपणापासून बघत आले होते.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं आम्ही दोघी हा विषय शिकलो. सुरुवात चुकीच्या टोकाने झाली: आधी तक्ते, मग व्हिडिओ, मग दुर्बिणीची खरेदी आणि सगळ्यांत शेवटी आकाश. त्यामुळे पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं. खाली दिलेला क्रम त्याच्या उलटा आहे. आधी डोळ्यांनी बघा, मग पायांनी अंतर चाला आणि आकडे त्यानंतर घ्या. या क्रमाने गेलात तर आकडे पाठ करावे लागत नाहीत.

जवळ काय असावं

- भिंतीवरची दिनदर्शिका किंवा पंचांग
- एक वही, पेन्सिल, आणि लाल जिलेटीन कागद लावलेली विजेरी (लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत)
- लहान आरसा, पुठ्ठा, मोजपट्टी, लांब टेप
- फुटबॉल, मोहरी, खसखस, राजगिरा, दोन वाटाणे, एक सुपारी, एक मोठी गोटी
- बायनॉक्युलर, पण सातव्या पायरीपर्यंत गरज नाही

सुरुवातीला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगच बघायला मिळतात, तेव्हा वाचन करा.

१. सूर्याकडे न बघता सूर्य मोजा

सूर्याकडे थेट बघायचं नाही. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काहीही सुरक्षित नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं उशिरा कळतं.

त्याऐवजी हे करा. लहान आरशावर पुठ्ठा चिकटवा, त्याला अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडा. आरसा उन्हात ठेवून कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर टाका. आरसा भिंतीपासून १० मीटरवर असेल तर भिंतीवर साधारण ९ सेंटिमीटरचं गोल वर्तुळ पडेल. भोक चौकोनी पाडलंत तरी वर्तुळ गोलच येतं, कारण भिंतीवर दिसते ती भोकाची आकृती नसून सूर्याची प्रतिमा आहे.

आता भागाकार करा. आरशापासून भिंतीचं अंतर हे वर्तुळाच्या व्यासाच्या साधारण १०७ पट येतं. याचा अर्थ सूर्यही आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या १०७ पट लांब आहे. अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, त्याला १०७ ने भागा: १४ लाख किलोमीटर. पुस्तकात सूर्याचा व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर दिलेला असतो. आम्ही हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा भाचीने तीनदा टेप लावून पाहिली. तिला तो पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही.

जोडीला शून्य सावलीचा दिवस गाठा. गोव्यात तो मेच्या अगदी सुरुवातीला येतो, कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास. बारा ते पाऊणच्या दरम्यान उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलै-ऑगस्टमध्येही हा दिवस एकदा येतो, पण तो ढगांत जातो. दिल्लीकरांना हे कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

*सापळा:* पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो, असा समज फार पसरलेला आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे.

२. संकष्टीचं वेळापत्रक काढा

चंद्राचं गणित आपल्या घरात आधीच आहे. संकष्टीचा उपास करणाऱ्या कुणालाही विचारा, चंद्रोदय किती वाजता? उत्तर नऊच्या आसपासचं येईल. का? पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. चतुर्थीपर्यंत तीन-साडेतीन दिवस जातात, म्हणून नऊ वाजतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरत रोज थोडा पूर्वेला सरकतो, एवढं एकच कारण.

एक महिना रोज चंद्राचं चित्र वहीत काढा, शेजारी वेळ आणि दिशा लिहा. अष्टमीच्या आसपास प्रकाश आणि सावलीच्या सीमेवर डोंगर-विवरं सर्वांत ठळक असतात. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि सगळं सपाट दिसतं. म्हणून नवख्यांनी बायनॉक्युलर पौर्णिमेला उचलली की निराशा होते.

*सापळा:* चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. पृथ्वीची सावली चंद्रावर फक्त चंद्रग्रहणात पडते. कला म्हणजे सूर्याने उजळलेल्या अर्ध्या भागाचा आपल्याला दिसणारा हिस्सा.

३. वारांची नावं नीट वाचा

रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. साध्या डोळ्यांना दिसणारे, तारकांमधून सरकणारे सातही गोल आठवड्यात बसवलेले आहेत. राहू-केतू मिळवले की नवग्रह होतात. इथे मुलांचा हमखास गोंधळ उडतो, तेव्हा तो आधीच सोडवा. जुन्या अर्थाने 'ग्रह' म्हणजे आकाशात जागा बदलणारं काहीही. आजच्या अर्थाने सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह आणि राहू-केतू हे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो ते दोन बिंदू. ग्रहणं या बिंदूंजवळच होतात, म्हणून राहूने सूर्य गिळला ही कथा जन्मली असावी. पृथ्वी त्या यादीत नाही, कारण आपण तिच्यावरच उभे आहोत.

४. पाच ग्रह डोळ्यांनी शोधा

सूर्य आणि चंद्र आकाशात ज्या वाटेने जातात ती लक्षात ठेवा. ग्रह त्याच पट्ट्यात सापडतात, उत्तरेला ध्रुवाजवळ कधीच नाही.

शुक्र सर्वांत सोपा. शुक्राची चांदणी सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसते. तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जातच नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर जे ठळक दिसतं ते शुक्र नसतं. बहुधा तो गुरू असतो. गुरू पांढुरका, स्थिर. शनी फिकट पिवळा, चटकन नजरेत न भरणारा. मंगळ तांबूस, पण त्याचं तेज फार बदलतं. साधारण २६ महिन्यांनी तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो आणि रात्रभर दिसतो. फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ आणि गुरू दोघेही असे रात्रभर आकाशात असतील. नवख्याने सुरुवात करायला इतकी चांगली वेळ वारंवार येत नाही.

बुध अवघड. तो सूर्यापासून जास्तीत जास्त २८ अंश दूर जातो, तेही थोडेच दिवस. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने अगदी क्षितिजालगत शोधावा लागतो. मला तो पहिल्यांदा दिसला तो कोकणात, समुद्रकिनाऱ्यावर, कारण तिथे आड यायला ना इमारत ना डोंगर.

पंचांगात गुरू-शनी कोणत्या राशीत आहेत ते दिलेलं असतं, आणि ते गणित खऱ्या स्थानांवर केलेलं असतं. आपलं पंचांग निरयन, म्हणजे राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं, असल्यामुळे त्यातल्या राशी आकाशातल्या तारकांच्या आकृतींशी बऱ्यापैकी जुळतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या सायन राशी (त्या वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो त्या बिंदूपासून मोजतात) त्यांच्यापासून सुमारे २४ अंशांनी सरकलेल्या असतात. दोन्ही एकत्र करून शोधायला गेलात तर ग्रह सापडणार नाही.

*सापळे:* मोबाइलवरचं आकाशाचं ॲप लोखंडी कठड्याजवळ किंवा चुंबक असलेल्या कव्हरमध्ये चुकीची दिशा दाखवतं. आम्ही तासभर मंगळ म्हणून एक तारा बघत बसलो होतो, ते याचमुळे. न लुकलुकणारा ठिपका पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडून गेला तर तो अंतराळ स्थानक किंवा एखादा कृत्रिम उपग्रह. आणि ऑगस्टमध्ये "मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा निरोप आला की पुढे पाठवू नका. त्याचं मूळ ऑगस्ट २००३ मध्ये आहे. तेव्हा मंगळ खरंच फार जवळ, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, पण तेव्हाही साध्या डोळ्यांना तो ठिपकाच होता.

५. फुटबॉल ठेवा आणि चालायला लागा

ही पायरी कृपा करून गाळू नका. पुस्तकातल्या चित्रांत सगळे ग्रह एका पानावर शेजारी-शेजारी बसवलेले असतात. तसं केल्याशिवाय ते छापता येणार नाहीत हे मान्य, पण त्या चित्राने मनात जी सूर्यमाला तयार होते ती खरी नसते.

सूर्य म्हणजे २२ सेंटिमीटरचा फुटबॉल. या प्रमाणात पृथ्वी दोन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीचा टपोरा दाणा. पाऊण किलोमीटर सरळ रस्ता शोधा. आम्ही कालव्याच्या कडेचा धरला. फुटबॉल एका टोकाला ठेवा आणि टेपने मोजत जा:

- बुध, खसखशीचा दाणा: ९ मीटर
- शुक्र, मोहरी: १७ मीटर
- पृथ्वी, मोहरी: साडेतेवीस मीटर
- मंगळ, राजगिऱ्याचा दाणा: ३६ मीटर
- गुरू, सुपारी: १२३ मीटर
- शनी, मोठी गोटी: २२७ मीटर
- युरेनस, वाटाणा: ४५४ मीटर
- नेपच्यून, वाटाणा: ७१० मीटर

पृथ्वीच्या मोहरीपाशी थांबा आणि मागे वळून फुटबॉलकडे बघा. तो आकाशातल्या सूर्याएवढाच दिसतो, कारण आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात घेतलं आहे. मग मंगळापाशी जा, तो लहान झालेला दिसेल. नेपच्यूनपासून फुटबॉल जेमतेम एक ठिपका उरतो. तिथे ऊन इतकं क्षीण का असतं हे मग सांगावं लागत नाही.

मोहरीशेजारी चंद्र म्हणून रव्याचा कण ठेवा, अंतर सहा सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार बोटं. माणूस स्वतः जाऊन आला तो एवढाच टप्पा. आपलं आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी जिथे पोहोचलं, ती १५ लाख किलोमीटरवरची जागा मोहरीपासून सूर्याच्या दिशेने एक वीत. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ हे यान आता या रस्त्यावर सुमारे चार किलोमीटर गेलं आहे. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? फुटबॉल मुंबईत ठेवला तर दुसरा चेंडू जवळपास बर्लिनला ठेवावा लागेल.

मंगळ ते गुरू हे अंतर चालताना भाची म्हणाली, "इथे काहीच नाही का?" आहे, लघुग्रहांचा पट्टा. पण त्यातले सगळे दगड एकत्र केले तरी वस्तुमान आपल्या चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरतं. चित्रपटात दाखवतात तशी दगडांची गर्दी तिथे नाही. पुढे जाणारी यानं त्यातून आरपार गेली आहेत.

६. आता आकडे घ्या

आता तक्ता उघडा. अंतरं पायात बसलेली असतात, त्यामुळे वर्षांचा हिशेब आपोआप लागतो: जितका ग्रह लांब, तितकी त्याची वाट मोठी आणि चालही मंद. बुध ८८ दिवसांत फेरी पुरी करतो, शुक्र २२५ दिवसांत, मंगळ ६८७ दिवसांत.

गुरूला लागतात जवळपास १२ वर्षं, म्हणजे एका राशीत साधारण एक वर्ष. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो: २००३, २०१५, आता २०२७. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बाराने भागा, एका राशीला सुमारे अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी म्हणजे साडेसात वर्षं. माझ्या आजीला शनीची कक्षा ठाऊक नव्हती, पण साडेसातीचं माप तिला तोंडपाठ होतं आणि ते माप अचूक होतं. त्याच्या फलांवर माझा विश्वास नाही, पण पिढ्यान् पिढ्या कुणीतरी शनीकडे नेमाने बघत आलं म्हणून तो आकडा आपल्यापर्यंत पोहोचला, याचा मला आदर वाटतो.

बाकी लक्षात ठेवण्याजोगं थोडकंच. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून जास्त सूर्यात आहे. उरलेल्यात गुरू इतका जड की बाकी सगळे ग्रह एकत्र केले तरी त्याच्या निम्मेही भरत नाहीत. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस, गाभ्यात दीड कोटी अंश. तिथे हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातून ही ऊर्जा निघते. तो प्रकाश सूर्याच्या पृष्ठभागावरून आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात.

*सापळे:* सर्वांत उष्ण ग्रह बुध नव्हे, शुक्र. त्याच्यावर कार्बन डायऑक्साइडचं जाड पांघरूण आहे आणि तापमान ४६५ अंशांच्या आसपास राहतं. चंद्रांची संख्या पाठ करू नका. मार्च २०२५ मध्ये शनीचे एकदम १२८ नवे चंद्र मान्य झाले आणि आकडा २७४ वर गेला. जुनी पुस्तकं त्या एका दिवसात शिळी झाली.

७. बायनॉक्युलर आधी, दुर्बीण नंतर

आमची पहिली दुर्बीण खोक्यावरच्या "६७५ पट" या आकड्याला भुलून घेतली होती. लटपटत्या तिवईवर तिच्यातून काहीही धड दिसलं नाही, आणि भाचीचा उत्साह दोन महिने मावळला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुर्बिणीत बघायचा आकडा वाढीचा नसतो, तोंडाकडच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाचा असतो.

आधी १० × ५० किंवा ७ × ५० ची बायनॉक्युलर घ्या (पहिला आकडा किती पट वाढ, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). कोपर कठड्यावर टेकवा, किंवा खुर्चीत रेलून बसा. गुरूच्या शेजारी एका ओळीत तीन-चार बारीक ठिपके दिसतील: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच पाहिलं. रोज त्याच वेळी ठिपक्यांची जागा वहीत काढा. आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, म्हणून रोज चित्र वेगळं येतं. आठवडाभराच्या त्या सात चित्रांत, सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीचं उत्तर तुमच्या हस्ताक्षरात असतं.

शनीची कडी बायनॉक्युलरमधून दिसत नाहीत. त्याला २५-३० पट वाढ देणारी, पक्क्या बैठकीची दुर्बीण लागते. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याकडे बरोबर कडेने होती, जवळपास नाहीशी झाली होती. २०३२ च्या सुमारास ती चांगली रुंद दिसतील. खरेदीची घाई नको. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ अशा संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. तिथे आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा, मग ठरवा.

*सापळा, आणि हा गंभीर आहे:* स्वस्त दुर्बिणीसोबत डोळ्याकडच्या भिंगाला लावायची एक काळी "सूर्यकाच" येते. ती फेकून द्या. भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते, आणि तेव्हा डोळा तिथेच असतो. सूर्यासाठीची गाळणी (फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच लागते.

८. नावांचा गुंता

पंचांगात 'हर्षल' लिहिलेलं असतं तो युरेनस, १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेल यांना सापडला म्हणून. जुन्या मराठी पुस्तकांत तोच प्रजापती, हिंदीत अरुण. नेपच्यून म्हणजे वरुण. आधी गणिताने त्याची जागा काढली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत तो त्या जागेजवळ सापडला. हिंदी व्हिडिओ आणि मराठी पुस्तक एकत्र वापरत असाल तर वहीच्या पहिल्या पानावर ही नावं शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

प्लुटो १९३० ते २००६ नववा ग्रह होता. आता तो बटुग्रह आहे, कारण त्याच्या कक्षेच्या परिसरात त्याच्यासारखे इतर अनेक पिंड आहेत. मोठ्या माणसांना याची हळहळ वाटते, मुलांना अजिबात नाही.

९. उरलेल्या वस्तू, आणि लोणार

धूमकेतू म्हणजे धुळीने माखलेला बर्फाचा गोळा. सूर्याजवळ आला की शेपूट फुटते. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, पुन्हा २०६१ मध्ये येईल. उल्का म्हणजे वातावरणात जळणारे कण. ऑगस्टचा उल्कावर्षाव आपल्याकडे पावसात वाहून जातो. त्याऐवजी १३-१४ डिसेंबरची रात्र धरा, शहरापासून लांब जा, मध्यरात्रीनंतर पाठीवर पडून बघा. दुर्बीण नको, जाड घोंगडी हवी.

जो दगड जळून न संपता जमिनीवर आदळतो तो काय करतो, हे बघायला बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जा. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे दीडशे किलोमीटर. काठावर उभं राहिलात की समोर १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. तो ज्वालामुखीचा असावा असं बराच काळ वाटत होतं; तिथल्या दगडांत धडकेच्या प्रचंड दाबानेच घडणारे बदल सापडले तेव्हा तो आदळलेल्या दगडाचाच हे पक्कं झालं. हे विवर दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकात आहे, आणि चंद्रावरचे काळसर डागही बेसॉल्टचेच आहेत. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

सकाळी लवकर पोहोचा, पाणी सोबत न्या, उतरताना-चढताना बूट घाला. दगड उचलून आणू नका. आणि शक्य असेल तर शुक्ल अष्टमीच्या आसपास जा. दिवसा त्या काठावर उभं राहा आणि रात्री गावातून तीच बायनॉक्युलर चंद्रावर लावा.